बिनतिखटाचं पातेलं

लग्नसराईत रात्री साडेअकराच्या सुमारास फोन वाजतो. पलीकडे बहुधा नवरीचा मामा, नाहीतर हॉलचा मॅनेजर. "दोनशे पानांचं जेवण उरलंय हो, टाकवत नाही. गाडी घेऊन या." आवाजातली कळकळ खरी असते आणि घाईही खरी. बाराला हॉल रिकामा करून द्यायचा असतो, केटररची पोरं भांडी आवरून निघायच्या बेतात असतात. फोन घेणारे काका पोस्टातून निवृत्त झालेले. ते आधी आभार वगैरे मानत बसत नाहीत. थेट विचारतात, भात कधी उतरवला? टेबलावर खाली जाळ होता का? भाजीत पनीर, क्रीम, ओलं खोबरं, काय काय आहे? उरलंय ते आतल्या टोपातलं की बाहेर मांडलेलं? चौथ्या-पाचव्या प्रश्नाला मामांचा आवाज चढतो. "अहो, आम्ही तेच जेवलो ना मघाशी!" काका शांतपणे सांगतात, "तुम्ही नऊला जेवलात. आमच्या माणसांच्या तोंडी हे उद्या सकाळी पडणार." बहुतेक वेळा फोन तिथेच संपतो.

भुकेल्यांसाठी राबणारा गट चालून आलेलं जेवण नाकारतो, हे पहिल्यांदा ऐकलं की खटकतं. मलाही खटकलं. पण मुंबईत परळ-भोईवाड्याच्या बाजूला असलेल्या या गटाच्या स्वयंपाकघरात संध्याकाळी जाऊन बसायला लागल्यावर एक गोष्ट पटत गेली. उरलेल्या अन्नाची विल्हेवाट लावणं आणि भुकेल्या माणसाला जेवू घालणं ही दोन निरनिराळी कामं आहेत. आपण ती एकाच पुण्याच्या खात्यावर जमा करतो, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

गटाचं नाव लिहायचं नाही, ही त्यांची अट. नाव छापून आलं की फोन वाढतात, आणि फोन वाढले की नकार वाढतात, असं काकांचं म्हणणं. निम्मी मंडळी २०२० च्या टाळेबंदीत एकत्र आली. त्या मार्च-एप्रिलमध्ये मुंबईत 'खाना चाहिए'सारखे नागरिकांचे उपक्रम उभे राहिले, गुरुद्वारांमधून लंगर बाहेर पडला, सोसायट्यांच्या गच्च्यांवर खिचडी शिजली. सरकारी बाजूने शिवभोजन थाळी होती. २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांत सुरू झालेली ही थाळी दोनच महिन्यांत पाच रुपयांवर आणावी लागली, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत काही काळ फुकटही दिली गेली. दोन चपात्या, एक भाजी, वरण-भात. टाळेबंदी उठली तसे बरेच गट पांगले, जो तो आपापल्या नोकरीला लागला. हा गट उरला, कारण परळमधली गर्दी टाळेबंदीने आणलेली नव्हती आणि टाळेबंदीबरोबर जाणारीही नव्हती.

परळ म्हणजे दवाखान्यांचं गाव. केईएम १९२६ पासून, टाटा मेमोरियल १९४१ पासून, शेजारीच मुलांचं वाडिया. सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. इथे बिहारमधून, बंगालमधून, उत्तर प्रदेशातून, आसामातून आणि तितकीच विदर्भ-मराठवाड्यातूनही माणसं येतात. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगाला किरणोपचार द्यायचे तर आठवड्याचे पाच दिवस, असे सहा-सात आठवडे. म्हणजे दोन महिने मुंबईत मुक्काम. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळमध्ये नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे, लहान मुलांसाठी सेंट ज्यूडची केंद्रं आहेत. या जागांनी हजारो संसार सावरले. पण खाटा मोजक्या आणि माणसं अमाप. ज्यांचा नंबर लागत नाही ते फुटपाथवर पथारी टाकतात. रेलिंगला पिशव्या लटकवलेल्या, उशाला फाइल. ती प्लास्टिकमध्ये तीनदा गुंडाळलेली, कारण पाऊस आला तर कपडे भिजले तरी चालतील, रिपोर्ट भिजून चालणार नाहीत.

यातल्या बहुतेकांच्या घरी रेशनकार्ड आहे. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्याखाली माणशी महिन्याला पाच किलो धान्य, आणि जानेवारी २०२३ पासून तेही मोफत. 'एक देश, एक रेशनकार्ड' योजनेमुळे गावचं कार्ड मुंबईच्या दुकानातही चालायला हवं. चालतं असं धरून चाला. मिळालेला तांदूळ शिजवायचा कुठे? फुटपाथवर स्टो पेटवला की कुणी ना कुणी हटकतं. रुग्ण दवाखान्यात दाखल असेल तर त्याला ताट मिळतं. बाहेरून रोज किरणं घ्यायला येणाऱ्याला ते नाही, त्याच्यासोबत आलेल्या बायकोला तर नाहीच. कोपऱ्यावरच्या हॉटेलात दोघांनी दोन वेळा जेवायचं म्हटलं तर औषधांचे पैसे तिथेच संपतात. थोडक्यात, परळच्या फुटपाथवर धान्यापेक्षा चुलीची वानवा आहे. हे एकदा कळलं की लग्नातलं उरलेलं पनीर इथे उपयोगाचं का नाही, हेही कळायला लागतं.

चूल पेटवणाऱ्या मावशींचं मूळ याच भागातलं. त्यांच्या सासूबाईंची गिरणी कामगारांची खानावळ होती. गावाकडे बायको-मुलं ठेवून आलेले कामगार पाळी सुटल्यावर दहा बाय बाराच्या खोलीत आळीपाळीने जेवायचे, महिन्याचे पैसे महिन्याला. गिरणगावात अशा खानावळी चालवणाऱ्या बायका शेकड्यांनी होत्या. सावकाराच्या व्याजात त्या पिचत होत्या, तेव्हा प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, हा इतिहास मुंबईबाहेर फारसा सांगितला जात नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, गिरण्या बसल्या त्या बसल्याच, खानावळीही गेल्या. सासूबाईंचा सगळ्यात मोठा टोप माळ्यावर पडून होता. आता तो रोज संध्याकाळी खाली असतो.

चार वाजता भाजी चिरायला बसतात. दुधी, लाल भोपळा, पडवळ. मुद्दाम मऊ शिजणाऱ्या भाज्या. मटार-फ्लॉवर कुणी आणून दिलंच तर ते नातेवाइकांच्या भाजीत. तांदळाचा हिशेब मावशींच्या तोंडावर: साधा भात किलोला दहा माणसं, डाळ घालून खिचडी केली की पंधरापर्यंत ओढता येतं. "पण हे आपल्या माणसांचं माप," त्या म्हणतात. "बंगालकडचे लोक जास्त असले की तांदूळ दीडपट धरायचा. यूपीवाल्याला चपाती दिली नाही तर तो जेवलोच नाही म्हणतो." चपात्या इथे लाटत नाहीत. आजूबाजूच्या इमारतींमधल्या घरांनी वार वाटून घेतलेत. आपल्या वारी त्या घरातून दहा चपात्या जास्तीच्या. कॉलेजची दोन मुलं जिने चढून-उतरून त्या गोळा करतात. यातही एक बारकावा आहे. तव्यावरची गरम चपाती लगेच डब्यात भरली की वाफ धरते आणि तासाभरात चपात्यांचा लगदा होतो. म्हणून कोमट होऊ द्यायची, कपड्यात गुंडाळायची, मग डबा. नव्या घराला चपात्यांचा वार देताना मावशी पिठाबद्दल, तेलाबद्दल काही बोलत नाहीत, एवढं मात्र दोनदा बजावतात.

मोठ्या टोपाशेजारी एक मध्यम पातेलं असतं. त्यात तिखट नाही, गरम मसाला नाही, फोडणीला मोहरीसुद्धा नाही. तूप, चिमूटभर हळद, मीठ बेताचं, मुगाची डाळ आणि तांदूळ इतके शिजवलेले की डाव उभा राहू नये. त्याहून लहान एका भांड्यात भाताची पेज, गाळणीतून दोनदा गाळलेली. किरणोपचारांत तोंडाच्या आतली कातडी सोलवटून निघते. लाळ आटते. मिरचीचा कण म्हणजे निखारा. काहींचा जबडा एका बोटापेक्षा जास्त उघडत नाही. ज्यांना नाकातून नळी आहे, त्यांना फक्त पातळ आणि तेही नीट गाळलेलं. एखादं शीत अडकलं तरी नळी तुंबते. आणि केमोथेरपीने ज्यांच्या पांढऱ्या पेशी उतरल्यात त्यांना शिळंपाकं, कच्चं, उघड्यावरचं काहीही देणं म्हणजे सरळ जिवाशी खेळ. काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, जी आपण पौष्टिक म्हणून आवर्जून वाढतो, ती इथे वर्ज्य.

साडेसहाला डबे निघतात. रांग लावत नाहीत. रुग्णाला उभं राहवत नाही, आणि नातेवाईक रांगेत गेला तर पथारीची जागा आणि सामान कोण राखणार? म्हणून वाढणारेच पथारीपाशी जातात, आणि प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच, "मरीज क्या खा पाएगा?" एका संध्याकाळी बिहारकडची एक बाई होती, पदर डोक्यावरून नीट घेतलेली. नवरा भिंतीला टेकून बसलेला, गालाला पट्टी. तिने स्वतःचं ताट बाजूला ठेवलं. वाटीतली बिनतिखट खिचडी बोटांनी आणखी मऊसर केली, तिच्यात पाणी घातलं आणि चमच्याच्या मागच्या बाजूने थोडी थोडी त्याच्या ओठांच्या फटीतून आत सरकवत राहिली. वाटी संपायला अर्धा तास लागला असेल. मधेच तिने मान वर करून वाढणाऱ्या मुलाला विचारलं, उद्या मीठ जरा कमी टाकाल का? तो म्हणाला, "हां भाभी, बोलता हूं मावशी को." दुसऱ्या दिवशी मावशींनी मीठ खरंच कमी केलं. उरलेल्या जेवणात हे जमत नाही. मीठ ज्याने टाकलं तो आचारी रात्रीच पुढच्या लग्नाला गेलेला असतो.

आता शिळ्या अन्नाचा मुद्दा, कारण दात्यांचा सगळा राग तिथेच असतो. अन्न खराब झालं की वास येतो, भात आंबतो, वरणाला तार सुटते, भाजी उतरते, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पण वास यायच्या आधीच ते बाधू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम असा की शिजवलेलं अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांहून जास्त ठेवू नये. गरम ठेवायचं तर साठ अंश सेल्सिअसच्या वर, गार ठेवायचं तर पाचाच्या खाली. मधला सगळा पट्टा जंतूंचा. भात तर जास्तच दगाबाज. त्यातल्या बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात, वांत्या घडवणारं विष तयार करतात, आणि ते विष नंतर कितीही उकळलं तरी जात नाही. 'सकाळी पुन्हा गरम करून द्या की' या सल्ल्यात म्हणून अर्थ नाही. मुंबईच्या मे महिन्यात, झाकलेल्या टोपात, रात्री नऊपासून सकाळपर्यंत पुलाव ठेवला तर काय होईल, हे सांगायला प्रयोगशाळा नको.

देशाच्या अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१९ साली अतिरिक्त अन्नाच्या वाटपासाठी खास विनियम काढले. वाटप करणाऱ्या संस्थेने नोंदणी करायची, अन्न कुणाकडून आलं, किती आलं, कुणाला गेलं याची वही ठेवायची. काकांकडे ती वही आहे, पोस्टातल्या सवयीने सुवाच्य अक्षरात लिहिलेली. नाकारलेल्या फोनांचीही त्यात नोंद असते, कारणासकट. 'पनीर, सहा तास.' 'टेबलावरचं, उष्टे चमचे.' 'दहीवडे.' एका ओळीत नुसतं 'मंत्री येणार होते, आले नाहीत' असं आहे.

उरलेलं अन्न वाचवूच नये, असं कुणी म्हणत नाही. मुंबईच्या डबेवाल्यांच्या संघटनेने २०१५ च्या अखेरीला रोटी बँक सुरू केली. शहराचे रस्ते आणि वेळ ही डबेवाल्यांचीच विद्या, त्यामुळे त्या कामात ते शोभतात. पुढे माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांनीही रोटी बँकेचं काम उभं केलं. २०१४ मध्ये दिल्लीत सुरू झालेली रॉबिन हूड आर्मी पैसे घेतच नाही, फक्त अन्न आणि वेळ घेते. ही मंडळी हॉटेलांशी, कॅन्टीनशी आधीच ठरवून ठेवतात. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये दुपारी दोनला उरलेला भात अडीचला जवळच्या वस्तीत पोचला तर त्याच्यासारखं उत्तम काही नाही. सगळं गणित तासांचं आणि अंतराचं आहे. मध्यरात्री लग्नाच्या हॉलजवळ भुकेला माणूस सापडत नाही, आणि सापडला तर तो बिचारा झोपलेला असतो. त्याला उठवून पनीर खायला लावणं हा काय प्रकार आहे, असं मी एका दात्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "पण मग आमचं समाधान?" प्रामाणिक उत्तर होतं.

लग्नात इतकं का उरतं, याचं उत्तर आचाऱ्यांकडे मिळतं. पूर्वी पंगत बसायची. वाया जायचं ते आग्रहाचं, पानातलं, म्हणजे उष्टं. त्याचा कुणाला उपयोग नव्हता, पण टोपात फारसं उरतही नसे, कारण आचारी पंगती मोजत मोजत भात टाकायचा. चार पंगती झाल्या, पाचवी अर्धी भरली, की तेवढंच शिजायचं. बुफे आला आणि मोजणी गेली. आता हॉल ठरवतानाच पाचशे ताटांची हमी द्यावी लागते. येवोत चारशे, पैसे पाचशेंचे. एवढे पैसे मोजलेत तर चाळीस पदार्थ हवेतच, आणि शेवटच्या पाहुण्यालाही चाळीसच्या चाळीस भरलेले दिसायला हवेत, नाहीतर व्याहीमंडळींत नाक कापलं जायचं. म्हणजे समारंभ संपताना चाळीस भांडी भरलेली असणं ही या पद्धतीतली चूक नाहीच, तीच तिची अपेक्षा आहे. अशा जेवणाचा शेवट गोड करायला मग रात्री गाडी हवी असते. मला वाटतं, यजमानाने उरलेल्याची चिंता निमंत्रणपत्रिका छापतानाच करावी. पदार्थ निम्मे केले तर काकांना फोन करायची वेळच येणार नाही.

अर्थात लग्नांना धोपटणं सोपं आहे, कारण ती दुसऱ्याच्या घरची असतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये जो अहवाल काढला, त्यानुसार २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं साठ टक्के घराघरांतलं. हॉटेलं, खानावळी, समारंभांचा वाटा अठ्ठावीस टक्के, दुकानांचा बारा. भारतातल्या घरांचा अंदाज माणशी वर्षाला पंचावन्न किलो. यात साली, बिया, हाडंही धरलेली आहेत, त्यामुळे आकडा वाटतो तितका भयंकर नाही. पण फ्रीजच्या मागच्या कप्प्यातली परवाची वाटी त्यात आहेच.

या वाटीचं काय करायचं, यावर जर्मनीत एक निराळा मार्ग निघाला. २०१२ च्या सुमारास तिथे 'फूडशेअरिंग' नावाची चळवळ उभी राहिली. बेकऱ्या आणि दुकानांतून उरलेला माल स्वयंसेवक उचलतात आणि सार्वजनिक फ्रीजमध्ये नेऊन ठेवतात. तिथून कुणीही घ्यावं. प्राध्यापकाने घ्यावं, बेकाराने घ्यावं, कुणी कुणाला विचारत नाही. गरिबांना मदत करतो असा दावाच नाही. अन्न वाया जाऊ द्यायचं नाही एवढंच सांगणं. फ्रान्सने २०१६ मध्ये तर कायदाच केला, की चारशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटने विकलं न गेलेलं खाण्याजोगं अन्न नष्ट करायचं नाही, संस्थांशी करार करून ते द्यायचं. आपल्याकडेही काही शहरांत सोसायट्यांच्या दाराशी असे फ्रीज लागले. कल्पना चांगली, पण पाव-फळं-पाकीटबंद वस्तूंना चालणारी. आमटीच्या वाटीला आपली हवा मानवत नाही.

आपली स्वतःची चांगली परंपरा उरलेल्याची नाहीच, शिजवलेल्याची आहे. शेगावला गजानन महाराज संस्थानात वाढणारे, झाडणारे, भांडी घासणारे सेवेकरी गावोगावहून पाळीपाळीने येतात, आपल्या पाळीचे दिवस पगाराशिवाय राबतात आणि परत आपल्या शेताला लागतात. नंबर लागायला वाट पाहावी लागते. आषाढी वारीच्या वाटेवर कुठल्या गावात पिठलं-भाकरी आणि कुठे पुरणपोळी, हे वर्षानुवर्षं ठरलेलं असतं, आणि तिथे काल उरलेलं काढून वाढलं तर गावाची अब्रू जाईल. अमृतसरच्या लंगरमध्ये लाखाच्या घरात माणसं जेवतात, सगळी एका ओळीत जमिनीवर. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्यांना मिळालेली सुकडी तर आपल्या आधीच्या पिढीने चाखलेली आहे. त्या सुकडीबद्दल आठवणी काढताना ती माणसं चवीविषयी कुरकुरतात, पण ती कुणाच्या ताटातून उरलेली होती असं कुणी म्हणत नाही.

परळच्या स्वयंपाकघरात परत येतो, तिथल्या मोरीकडे, कारण स्वयंसेवकांचं खरं काय ते तिथे दिसतं. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला वाढायचं असतं. वाढण्यात समोरच्याचा चेहरा दिसतो, कुणी हात जोडतं, छान वाटतं. मावशींचा नियम असा, की पहिला महिना मोरीत. तळाला लागलेला टोप, तारेचा घासणीचा गोळा, कोपरापर्यंत साबण. आयटीतली मुलं शनिवारी उत्साहाने येतात, त्यातली निम्मी दुसऱ्या शनिवारी दिसत नाहीत. राष्ट्रीय सेवा योजनेतल्या कॉलेजच्या मुलांना वर्षाला १२० तास भरायचे असतात. काही नुसते तास भरतात, काहींचं शिक्षण संपूनही येणं सुटत नाही. जिने चढून चपात्या आणणारा एक जण आता नोकरीला आहे, तरी मंगळवार सोडत नाही. त्याला कारण विचारलं तर म्हणाला, "त्या चौथ्या मजल्यावरच्या आजींनी दहा लाटून ठेवलेल्या असतात ना, मग कोण आणणार?"

वाढदिवसवाले हा वेगळा वर्ग. मुलाच्या वाढदिवसाचं जेवण इथे द्यायचं, केक कापायचा आणि फोटो काढायचे, असा बेत घेऊन आईवडील येतात. हेतू वाईट नसतो. काका त्यांना सांगतात, पैसे द्या, नाव फळ्यावर लिहू, मुलाला भाजी चिरायला बसवा, फोटो मात्र नाही. मोठ्या आजारात तोंड सुजलेल्या, केस गेलेल्या माणसाचा फोटो एका वेळच्या खिचडीच्या बदल्यात काढणं त्यांना पटत नाही. यावरून काही देणग्या गेल्या. मावशींना त्याचं फार वाईट वाटलेलं दिसलं नाही, काकांना वाटलं. हिशेब त्यांना लिहावा लागतो.

एक टोचणारा प्रश्न आहे, तोही लिहायला हवा. दोन महिन्यांचे उपचार लागणार हे ज्या व्यवस्थेला पहिल्या दिवशी ठाऊक असतं, तिने रुग्णासोबत आलेल्या माणसाच्या राहण्या-जेवणाची सोय उपचारांचाच भाग का मानू नये? अर्धपोटी रुग्णाचं वजन घटतं, वजन घटलं की किरणोपचार मधेच थांबवावे लागतात, आणि थांबलेले उपचार कमी गुण देतात. म्हणजे ही खिचडी औषधाइतकीच मोलाची आहे. ती स्वयंसेवकांच्या भरवशावर सोडणं कुणालाच शोभत नाही. गटातले लोक मात्र या चर्चेत फार रमत नाहीत. "तुम्ही लिहा ते," मावशी म्हणाल्या, "मला उद्याचा दुधी आणायचाय."

आता दिवाळीच्या दिवसांतल्या देण्याचं. पितृपक्षापासून देणाऱ्यांचे हात सैल सुटतात. सर्वपित्री अमावास्येला एका दिवसात इतकं येतं की नको म्हणावं लागतं, आणि दिवाळीत मिठाईचे खोके येतात. खव्याची मिठाई ते घेत नाहीत. कधी केली, कुठे ठेवली, काही कळत नाही. घरचा चिवडा, शंकरपाळे, बेसनाचे-रव्याचे लाडू आनंदाने घेतात, कारण ते टिकतात आणि नातेवाइकांना सणाच्या दिवशी सण वाटतो. तोंडाच्या रुग्णाला चकली काय कामाची? त्याच्यासाठी एक डबा रव्याची पातळ खीर, वेलदोड्याशिवाय. मग दिवाळी सरते, आणि जून-जुलैत, शाळेच्या फिया आणि छत्र्यांच्या दिवसांत, फळा कोरा राहतो. परळचा फुटपाथ तेव्हाच सगळ्यात जास्त हलाखीत असतो, ताडपत्रीखाली.

तुमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी रुग्णालय असेल, आणि त्याच्या बाहेर कुणी ना कुणी संध्याकाळी डबे घेऊन जात असेल. या दिवाळीत फराळाचा पुडा देऊन या, जरूर द्या. पण त्यांना एवढं विचारा, की जुलैत काय कमी पडतं आणि भांडी घासायला कोणत्या वारी माणूस नसतो. तो वार तुम्ही घ्या.